उसने खिळे

आमचे बाबा जुळारी होते. हा शब्द आता कुणी वापरत नाही. कंपोझिटर म्हटलं तरी नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. लालबागमधल्या एका छोट्या छापखान्यात, ट्रेडल मशीनच्या खडखडाटात, त्यांनी सव्वीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांवरून फिरतोय, आणि डावा अंगठा प्रत्येक नव्या खिळ्याला दाबून धरतोय, ओळ कोसळू नये म्हणून. त्या अंगठ्याला पडलेला घट्टा अजून गेलेला नाही. मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा एक आरोळी हमखास कानावर पडायची, "काना संपला रे!" मराठीत काना उठताबसता लागतो. तो संपला की काम अडलं. मग कुणीतरी शेजारच्या छापखान्यात धावायचं आणि मूठभर काने उसने घेऊन यायचं. छापून झालं की ते मोजून परत जायचे. चिठ्ठी नाही, पावती नाही.

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे डब्लिनला पंधरा दिवस राहिले होते. ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयातली लाँग रूम बघायला सगळेच जातात, तशी मीही गेले. तिथे काचेआड एक मोठा कागद होता. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावाचा जाहीरनामा, आयर्लंडचं प्रजासत्ताक घोषित करणारा. लोक फोटो काढून पुढे सरकत होते. माझा पाय मात्र निघेना, कारण कागदावरचे 'ई' एकमेकांशी जुळत नव्हते. काही एका घाटाचे, काही वेगळ्याच. जुळाऱ्याच्या मुलीला हे दिसल्याशिवाय राहत नाही. इंग्रजीतला 'ई' म्हणजे आपला काना, सगळ्यात आधी तोच संपतो. त्या कागदामागची खोली मला एकदम दिसली. खिळे कमी पडलेत, वेळ नाही, आणि कुणीतरी म्हणतंय, राहू दे, दुसऱ्या केसमधले घाल.

ती खोली लिबर्टी हॉलमध्ये होती. लिफी नदीच्या काठावरची ही इमारत म्हणजे आयरिश ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनचं मुख्यालय. गोदी कामगार, गाडीवान, हमाल यांचं घर. २३ एप्रिल १९१६, ईस्टरचा रविवार. युनियनचा पुढारी जेम्स कॉनॉलीने तीन माणसांना बोलावून घेतलं. मशीनवर क्रिस्टोफर ब्रेडी, जुळणीला मायकेल मलॉय आणि लिअम ओब्रायन. तिघंही तिथेच कॉनॉलीचं 'वर्कर्स रिपब्लिक' हे साप्ताहिक छापायचे. मशीन जुनाट व्हार्फडेल. कागद डब्लिनजवळच्या सॅगार्टच्या गिरणीतला, साप्ताहिकासाठी यायचा तोच. खिळे इतके थोडे की विल्यम वेस्ट नावाच्या एका इंग्रज छापखानेवाल्याकडून उसने आणावे लागले. तेवढ्यानेही भागेना. मग त्यांनी मजकुराचा वरचा अर्धा भाग जुळवला, छापला, खिळे सोडवले, त्याच खिळ्यांनी खालचा अर्धा जुळवला आणि तेच कागद पुन्हा मशीनमधून काढले. एका जागी 'ई' उरलाच नाही, तेव्हा 'एफ'ला लाखेचा पाय जोडून त्याचा 'ई' केला असं सांगतात. बाहेर सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र दलाची माणसं बंदुका घेऊन पहाऱ्यावर. अडीच हजार प्रतींचा बेत होता, छापून झाल्या हजारभर.

दुसऱ्या दिवशी उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्सने तो जनरल पोस्ट ऑफिसबाहेर वाचून दाखवला. तिथून पुढचं शाळेच्या पुस्तकांत आहे. मला ओढ लागली ती मलॉयची. सात नेत्यांच्या सह्यांचा मूळ कागद या जुळाऱ्याच्या खिशात राहिला होता. उठाव मोडला, हजारो लोक पकडले गेले, मलॉय रिचमंड बराकीत कैदी म्हणून बसला होता, आणि तिथे त्याला खिशातल्या कागदाची आठवण झाली. नावं जाहीरनाम्यावर छापलेलीच होती, पण हातची सही म्हणजे पुरावा. त्याने तो कागद तोंडात घातला, चावून चोथा केला आणि थुंकून टाकला. पुढे कित्येक वर्षांनी त्याने आपल्या जबानीत हे सांगून ठेवलं. त्या देशाच्या इतिहासातला बहुधा सगळ्यात मोलाचा हस्तलिखित कागद एका जुळाऱ्याने चावून नष्ट केला, आणि त्याने केलं ते बरोबरच होतं. त्या सातही जणांना नंतर गोळ्या घातल्या गेल्या. कॉनॉलीला शेवटी, १२ मे रोजी, किल्मेनहम तुरुंगात. पायाच्या जखमेमुळे उभं राहता येत नव्हतं म्हणून खुर्चीत बसवून.

घरी परतल्यावर मी हे कागद वाचायला लागले ते आजवर. आयर्लंडमधल्या डाव्या पक्षांची, गटांची, युनियनची, बायकांच्या संघटनांची पत्रं, पत्रकं, पुस्तिका आता स्कॅन होऊन घरबसल्या वाचता येतात. रात्री सगळं आवरलं की मी एखादा अंक उघडते. अग्रलेख नंतर. आधी शेवटच्या पानाच्या तळाशी जाते: मुद्रक कोण, पत्ता काय, किंमत किती. ही सवय बाबांची. कुठलंही छापील हातात आलं की ते उलटं करून आधी तळ बघायचे.

तळ बघत गेलं की एक गोष्ट पहिल्यापासून दिसते. सत्तेचा हात आधी मशीनवर पडतो. बेलफास्टमध्ये जानेवारी १७९२मध्ये 'नॉर्दर्न स्टार' हे पत्र सुरू झालं, युनायटेड आयरिशमनचं, म्हणजे कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि डिसेंटर (अधिकृत चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट) यांनी एका नावाखाली उभं राहावं म्हणणाऱ्यांचं. मे १७९७मध्ये मॉनहन मिलिशियाचे सैनिक छापखान्यात घुसले आणि सगळं फोडून गेले. त्याच शहरात, त्याच वर्षांत, लिनन हॉल ग्रंथालयाचा ग्रंथपाल होता टॉमस रसेल. तोही युनायटेड आयरिशमन. १७९६मध्ये त्याला अटक झाली, १८०३मध्ये डाउनपॅट्रिकला फाशी. हे ग्रंथालय अजून चालू आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

कॉनॉली मुळात एडिनबराचा. आयरिश स्थलांतरितांच्या गरीब वस्तीत १८६८मध्ये जन्मला. १८९६मध्ये डब्लिनला येऊन त्याने आयरिश सोशलिस्ट रिपब्लिकन पार्टी काढली, सुरुवातीला सभासद आठ. पुढच्याच जानेवारीत बेलफास्टच्या 'शान व्हॅन व्होख्ट' या मासिकात त्याचा एक लेख आला. हे मासिक ॲलिस मिलिगन आणि ॲना जॉन्स्टन या दोघी चालवत. त्या लेखातली एक गोष्ट आयर्लंडमध्ये आजही लोक तोंडपाठ म्हणतात: उद्या इंग्रज सैन्य घालवून डब्लिनच्या किल्ल्यावर हिरवा झेंडा लावलात, पण समाजवादी प्रजासत्ताक उभारायला लागला नाहीत, तर सगळे कष्ट पाण्यात, इंग्लंड तुमच्यावर राज्य करतच राहील, आपल्या भांडवलदारांमार्फत, जमीनदारांमार्फत. लेख लिहिणारा माणूस तेव्हा मजुरी करून पोट भरत होता, आणि मजुरी मिळत नव्हती.

ऑगस्ट १८९८मध्ये 'वर्कर्स रिपब्लिक'चा पहिला अंक निघाला. त्याला भांडवल होतं ५० पौंडांचं, स्कॉटलंडचा मजूर नेता कीर हार्डीने उसनं दिलेलं. ते संपलं तसं पत्र बंद पडलं. मग सुरू झालं, मग पुन्हा बंद. मधल्या काळात त्यांनी एक लहानसं हातमशीन मिळवलं आणि संपादकच लेख लिहायचा, संपादकच खिळे जुळवायचा. ही माझ्या मते कॉनॉलीची खरी शाळा. ज्याला प्रत्येक अक्षर हाताने उचलून बसवायचं आहे त्याच्या वाक्यात फुगा राहत नाही. त्याची वाक्यं वाचताना मला हा हिशोब जाणवतो, शब्द उगाच खर्च झालेला नसतो.

युनियनचा संस्थापक जिम लार्किनचं 'आयरिश वर्कर' अगदी दुसऱ्या जातीचं. ते मे १९११मध्ये निघालं आणि बघता बघता आठवड्याला सुमारे वीस हजार प्रती खपायला लागल्या, एका पेनीला एक. त्याची भाषा आरडाओरड्याची आहे. कुठल्या गोदीत कुठला मुकादम लाच घेतो, कुठल्या बेकरीत पोरींना किती तास राबवतात, कुठल्या पडक्या घराचा मालक नगरपालिकेत सभासद आहे, सगळं नावानिशी. बदनामीचे खटले व्हायचे, पत्र चालूच. त्यात डेलिया लार्किन, जिमची बहीण, कामगार बायकांचं सदर लिहायची. मी त्या सदरात खूप वेळ घालवला. आपण वाचतोय ते कुणी बसून रचलेलं नाही, कुणीतरी संध्याकाळी युनियनच्या कचेरीत येऊन सांगितलेलं आहे, हे कळतं. डब्लिनमध्ये तेव्हा वीस हजारांहून अधिक कुटुंबं एकेका खोलीत राहत होती. आम्ही चाळीतल्या एका खोलीत सात जण वाढलो, म्हणून हा आकडा मला आकडा वाटत नाही. जिन्यातला अंधार, सामायिक नळ, वरच्या मजल्यावरच्या आजाऱ्याचा खोकला, सगळं आलंच त्यात.

१९१३चा लॉकआउट सगळ्यांना ठाऊक असतो तो ट्रामवाल्यांचा म्हणून. २६ ऑगस्टला सकाळी ट्रामचालक गाड्या भर रस्त्यात सोडून उतरले. पण त्याआधी आठवडाभर ठिणगी पडली होती ती वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यांवर. ट्राम कंपनीचा मालक विल्यम मार्टिन मर्फी हाच 'आयरिश इंडिपेंडंट'चाही मालक. त्याने पत्राच्या रवानगी खात्यातल्या माणसांना सांगितलं, युनियन सोडा नाहीतर नोकरी सोडा. त्यांना काढलं तशी रस्त्यावरच्या पेपरवाल्या पोरांनी त्याचा पेपर विकायला नकार दिला. अनवाणी पोरं, दहा-बारा वर्षांची. पेपर विकला तरच त्यांची चूल पेटायची. चारशेच्या आसपास मालक एक झाले, वीस हजार कामगारांना दारं बंद झाली. २ सप्टेंबरला चर्च स्ट्रीटवर भाडेकऱ्यांची दोन घरं कोसळून सात जण मेले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उपासमारीने लोक कामावर परतले. त्या काळात डब्लिनमध्ये शिकत असलेला एक भारतीय विद्यार्थी, वराहगिरी व्यंकट गिरी, १९१६मध्ये तिथून हाकलला गेला, घरी आला आणि रेल्वे कामगारांचा पुढारी झाला; नंतर राष्ट्रपती.

महायुद्ध सुरू झालं आणि डिसेंबर १९१४मध्ये सरकारने 'आयरिश वर्कर' बंद पाडलं. लार्किन अमेरिकेत होता, संपादन कॉनॉलीकडे होतं. मग ग्लासगोच्या सोशलिस्ट लेबर पार्टीच्या छापखान्यात 'द वर्कर' नावाने अंक छापून ते समुद्रमार्गे चोरून आणले गेले. तेही पकडले. तेव्हा कॉनॉलीने मशीनच लिबर्टी हॉलमध्ये आणून बसवलं आणि मे १९१५पासून 'वर्कर्स रिपब्लिक' पुन्हा सुरू केलं. मार्च १९१६मध्ये पोलीस इमारतीच्या दुकानात पेपर जप्त करायला आले. तिथे रोझी हॅकेट होती, जेकब्स बिस्किटांच्या कारखान्यातून संपात पुढे आलेली मुलगी. तिने कॉनॉलीला निरोप धाडला आणि तो पिस्तूल घेऊन खाली आला. त्या दिवसापासून मशीनवर चोवीस तास पहारा बसला. याच पहाऱ्यात महिन्याभराने जाहीरनामा छापला गेला. लिफीवरच्या एका पुलाला २०१४ साली रोझी हॅकेटचं नाव दिलंय. भाच्याच्या घरी जाताना आम्ही रोज त्यावरून जायचो, आणि पहिले आठ दिवस मला ती कोण हे माहीत नव्हतं.

एका पत्राबद्दल मात्र मला थांबून लिहायचं आहे. 'आयरिश सिटिझन'. मे १९१२मध्ये सुरू झालेलं, बायकांच्या मताधिकारासाठी. संपादक दोघं, फ्रान्सिस शीही स्केफिंग्टन आणि जेम्स कझिन्स. त्यांच्यामागे त्यांच्या बायका, हॅना आणि मार्गारेट, ज्यांनी १९०८मध्ये आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग काढली होती. पत्राच्या शिरोभागी ध्येयवाक्य होतं: नागरिकत्वाचे हक्क बायकांना आणि पुरुषांना सारखे, आणि नागरिकत्वाची कर्तव्यंही सारखी. फ्रान्सिस कट्टर शांततावादी. उठावाच्या आठवड्यात तो शहरातली लूटमार थांबवायला बाहेर पडला होता. त्याला रस्त्यात पकडलं आणि २६ एप्रिलच्या सकाळी पोर्टोबेलो बराकीत, खटल्याशिवाय, एका कॅप्टनच्या हुकमाने गोळ्या घातल्या. त्याच्या बाजूला आणखी दोन पत्रकार उभे केले होते, त्यांनाही. हातात पेन असलेली तीन माणसं, एका भिंतीपाशी. हॅनाने पत्र चालू ठेवलं. १९२०मध्ये 'ब्लॅक अँड टॅन्स'नी, म्हणजे ब्रिटिशांनी पोलिसांत भरती केलेल्या माणसांनी, त्याचं छपाईयंत्र फोडलं, तेव्हा ते बंद पडलं.

कझिन्स जोडपं त्याआधीच, १९१५मध्ये, भारतात आलं होतं. मार्गारेट कझिन्स यांनी मताधिकारासाठी लंडनचा आणि आयर्लंडचा तुरुंग पाहिलेला. इकडे त्या विमेन्स इंडियन असोसिएशनच्या उभारणीत होत्या, आणि १९२६मध्ये त्यांनी देशभरच्या बायकांना पत्रं लिहिली की आपापल्या भागात जमा, मुलींच्या शिक्षणावर बोला, आणि मग सगळ्या एकत्र या. त्या सगळ्या एकत्र आल्या त्या पुण्यात. जानेवारी १९२७, फर्ग्युसन कॉलेज, अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. ऑल इंडिया विमेन्स कॉन्फरन्सचं ते पहिलं अधिवेशन. मी फर्ग्युसनची विद्यार्थिनी. पाच वर्षं त्या आवारात वावरले आणि हे मला डब्लिनचा एक शंभर वर्षांपूर्वीचा पेपर वाचताना, संपादकाच्या नावाचा माग काढताना कळलं. त्या रात्री झोप आली नाही.

पुढच्या दशकांतली काही पानं मी पुन्हा पुन्हा उघडते. एप्रिल १९१९, लिमरिक. लष्कराने शहराला वेढा दिला, कामावर जायला परवाना दाखवा म्हणाले, आणि कामगारांनी शहरच ताब्यात घेतलं. अन्नाचे भाव संप समितीने ठरवले, चलन नाही म्हणून स्वतःच्या नोटा छापल्या, एक, पाच आणि दहा शिलिंगच्या, आणि रोज 'वर्कर्स बुलेटिन' काढलं. अटलांटिक ओलांडू पाहणाऱ्या एका विमानाची बातमी घ्यायला परदेशी पत्रकार योगायोगाने त्याच गावात आलेले होते, म्हणून जगाला हे कळलं. दोन आठवड्यांत संपलं सगळं. पुढच्या वर्षी नॉकलाँगच्या दूध डेअरीत कामगारांनी मालकाशिवाय लोणी काढलं आणि दारावर पाटी लावली, आम्ही लोणी करतो, नफा नाही.

आणि १९३४. माझ्या लेखी या सगळ्या कागदांतलं सगळ्यात दुःखी पान. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९३२मध्ये, बेलफास्टचे बेकार कामगार, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, मदतीच्या कामाच्या तुटपुंज्या दरांविरुद्ध एकत्र रस्त्यावर उतरले होते. कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रॉटेस्टंटांचा शँकिल रोड एका बाजूला, हे त्या शहरात किती दुर्मीळ ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. त्यातूनच काही शँकिलचे प्रॉटेस्टंट कामगार जून १९३४मध्ये बॉडेन्सटाउनला आले, युनायटेड आयरिशमनचा पुढारी वुल्फ टोनच्या समाधीला. हातात फलक, भांडवलशाहीशी नातं तोडा. पीडर ओ'डॉनेल आणि फ्रँक रायन यांच्या नव्या 'रिपब्लिकन काँग्रेस'बरोबर ते चालत होते. आणि आयआरए या सशस्त्र रिपब्लिकन संघटनेच्या लोकांनी त्यांचे फलक हिसकावले, धक्काबुक्की केली. टोन स्वतः प्रॉटेस्टंट. कॅथलिक-प्रॉटेस्टंट भेद पुसावा म्हणून झगडलेला. त्याच्या कबरीकडे जाताना! 'रिपब्लिकन काँग्रेस' याच नावाचं त्यांचं साप्ताहिक आहे, रायनने संपादित केलेलं. त्या काळचे अंक वाचताना राग येतो आणि तो कुणावर काढावा कळत नाही. सप्टेंबरमध्ये ती संघटनाही फुटली.

त्याच काळात लिट्रिम परगण्यातल्या जिम ग्रॅल्टनने गावात एक सभागृह बांधलं होतं, नाच-गाणी, वर्ग, जमिनीच्या तंट्यांवर सभा. पाद्र्यांनी विरोध केला, सभागृह जाळलं गेलं आणि ऑगस्ट १९३३मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने त्याला, त्याच मातीत जन्मलेल्या माणसाला, परकीय ठरवून देशाबाहेर घालवलं. तो अमेरिकेतच वारला. १९८०च्या दशकात डब्लिनच्या काही डाव्यांनी मासिक काढलं, त्याचं नाव ठेवलं 'ग्रॅल्टन'. २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी त्याच्या गावी जाऊन माफी मागितली.

१९६८नंतर कागदांचा नुसता पूर येतो. आता खिळे नाहीत. टाइपरायटर, स्टेन्सिल आणि सायक्लोस्टाइल. ओळी तिरक्या, कडेला शाईचे डाग, गंजलेल्या पिना स्कॅनमध्येही दिसतात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या मुलांनी 'पीपल्स डेमोक्रसी' काढली, तिचं पत्र 'फ्री सिटिझन'. ऑगस्ट १९७१मध्ये खटल्याविना स्थानबद्धता सुरू झाली आणि पत्राने मथळा बदलला, 'अनफ्री सिटिझन'. दोन अक्षरांनी त्या उन्हाळ्याची सगळी बातमी दिली. त्याच वर्षी डब्लिनच्या बायकांनी ब्रिटिशांकडे राहिलेल्या बेलफास्टहून गर्भनिरोधकं आणली, दक्षिणेत, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडमध्ये, त्यांना बंदी होती म्हणून, आणि ती उंच धरून कस्टमच्या माणसांसमोरून बाहेर पडल्या. गाडी थांबली त्या स्टेशनचं नाव, पाच वर्षांपूर्वीच दिलेलं, कॉनॉली स्टेशन.

आणि फुटी. सिन फेन हा रिपब्लिकन पक्ष १९७०मध्ये फुटला. ऑफिशियल आणि प्रोव्हिजनल. ईस्टरला १९१६च्या आठवणीत छातीवर लावायचं कागदी लिलीचं फूल एका गटाने गोंदाने चिकटवलं, दुसऱ्याने टाचणीने लावलं. ऑफिशियल गटाला 'स्टिकी' हे नाव त्यावरून पडलं ते कायमचं. ऑफिशियलमधून १९७४मध्ये शेमस कॉस्टेलोने आयरिश रिपब्लिकन सोशलिस्ट पार्टी (आयआरएसपी) काढली, पत्राचं नाव 'स्टारी प्लाऊ', सिटिझन आर्मीच्या झेंड्यावरून घेतलेलं. ऑफिशियल पुढे वर्कर्स पार्टी झाले, १९८९मध्ये संसदेत सात जागा, १९९२मध्ये त्यांचीही फूट. मधे ब्रिटिश अँड आयरिश कम्युनिस्ट ऑर्गनायझेशन, आयर्लंडमध्ये दोन राष्ट्रं आहेत असं मांडणारी, ट्रॉट्स्कीवादी गट, अराजकवादी. लोक ही यादी ऐकून हसतात. मला हसू येत नाही. प्रत्येक पत्रकामागे दिवसभर कामावरून आलेली चार माणसं आहेत, रात्री हात शाईने भरून घेणारी. पण एक गोष्ट मी माफ करू शकत नाही. १९७५मध्ये ऑफिशियल आणि आयआरएसपीच्या माणसांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. १९७७मध्ये कॉस्टेलोचाही खून झाला. दोन्ही बाजूंच्या मुखपत्रांत कॉनॉलीचा तोच फोटो, मिशीवाला, थेट आपल्याकडे बघणारा.

हे सगळं वाचता येतं ते जपणाऱ्यांमुळे. विल्यम ओब्रायन हा युनियनमधला माणूस, कॉनॉलीचा जुना सोबती. लार्किनशी त्याचं हाडवैर. पण त्याने अगदी सुरुवातीच्या दिवसांपासूनचा कागदन् कागद ठेवला, आणि तो संग्रह आज डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लार्किनवर प्रेम करणाऱ्यांनाही तिथेच जावं लागतं. आणि बेलफास्टचं लिनन हॉल ग्रंथालय, रसेलचं. १९६८मध्ये तिथले ग्रंथपाल जिमी व्हिटी यांच्या हातात शहरातल्या एका बारमध्ये नागरी हक्क चळवळीचं पत्रक कुणीतरी दिलं. त्यांनी ते फेकलं नाही. तिथून सुरू झालेल्या संग्रहात आज अडीच लाखांहून जास्त वस्तू आहेत, सगळ्या बाजूंच्या. बॉम्ब फुटत असताना ग्रंथालयाची माणसं एकमेकांच्या वैऱ्यांकडे जाऊन पत्रकं मागून आणत होती.

हे वाचताना मला आमच्या घरातलं लोखंडी कपाट आठवतं. १९८२चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा बाबांनी संपाची किती पत्रकं जुळवली असतील याला गणती नाही. रात्रपाळीला, कधी अर्ध्या पैशात, कधी बिनपैशाने. आमच्या मजल्यावरची निम्मी घरं गिरणीवर होती. त्यातलं एकही पत्रक आमच्याकडे नाही. कपाटात रेशनकार्ड आहे, माझी प्रगतिपुस्तकं आहेत, एलआयसीच्या पावत्या आहेत. बाबांना मी विचारलं होतं, एखादं तरी का नाही ठेवलंत? ते म्हणाले, "वाटायला छापलेली होती, ठेवायला नाही."

गेल्या महिन्यात त्यांना जाहीरनाम्याचा फोटो दाखवला. आता त्र्याऐंशीचे आहेत. फोन डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. मजकूर वाचला नाही, खिळे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दोन केसमधले खिळे आहेत. 'ई' बघ. घाईत होते वाटतं." मी त्यांना सगळं सांगितलं, लिबर्टी हॉल, पहारा, दोन अर्धे, लाखेचा पाय. मलॉयने कागद चावला तिथे त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "त्या वेस्टचे खिळे परत दिले का?"

मी म्हटलं, नाही बाबा. खालचा अर्धा तसाच मशीनवर राहिला होता. लिबर्टी हॉलवर तोफा डागल्या. नंतर सैनिक आत शिरले तेव्हा त्यांना तो जुळलेला सापडला, त्यांनी त्याचे ठसे काढून आठवण म्हणून नेले.

ते फोनकडेच बघत होते. डावा अंगठा तर्जनीवर घासत होता, जुन्या सवयीने. "खाली सह्या आहेत," ते म्हणाले, "त्या मोठ्या अक्षरांत लावल्यात. म्हणजे मजकुराचे खिळे वरच्यापेक्षा कमी लागले असणार. थोडे उरले असतील केसमध्ये. तेवढे तरी कुणीतरी पोचवले असतील त्याला."